टेबलावरचं पुस्तक कोण धरून ठेवतं? गुरुत्वाकर्षण तोलणारी बलं ओळखायची रीत

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. मुलं तो घडाघडा म्हणून दाखवतात. पण टेबलावर पुस्तक ठेवून ‘हे खाली का पडत नाही?’ एवढंच विचारलं, की अर्धा वर्ग म्हणतो, ‘टेबल आहे म्हणून.’ आणि अभ्यासू मुलं हात वर करून सांगतात, ‘अक्का, न्यूटनचा तिसरा नियम!’ पहिलं उत्तर अपुरं आहे, दुसरं चुकीचं. पुढं अकरावीत बलांची गणितं अडतात ती बहुतेक करून इथंच.

मी सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. बरीच मुलं यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरची. घरी तेलुगू, शाळेत मराठी, एखाद-दुसरं कन्नड बोलणारं. त्यामुळं मला सगळी अक्काच म्हणतात. खाली सांगतेय ती रीत वर्गात वापरते तीच. सामान घरातलंच लागतं: दोरी, बादली, ताणकाटा, काळा दगड. आईबापांनीही हे वाचावं, कारण यातले दोन-तीन प्रयोग एकट्यानं होत नाहीत, दोघं लागतात.

एकच वस्तू, आणि तिला टेकलेले सगळे

मुलं गोंधळतात कारण ती सगळं चित्र एकदम बघतात: पुस्तक, टेबल, फरशी, पृथ्वी. तसं करू नका. वहीत एकच वस्तू काढा. पुस्तक म्हणजे पुस्तक, टेबल काढायचंच नाही. साधा चौकोन पुरे. आता दोन प्रश्न विचारा. पृथ्वी याला किती ओढतेय? आणि याला कोण कोण टेकलंय?

पृथ्वीला ओढण्यासाठी टेकावं लागत नाही. चुंबक किंवा घासलेला फुगा मध्ये नसेल, तर शाळेतल्या गणितात बाकीचं प्रत्येक बल टेकलेल्या वस्तूकडूनच येतं. म्हणून वस्तूच्या कडेनं बोट फिरवत एक पूर्ण चक्कर मारा आणि जिथं जिथं दुसरं काही टेकलंय तिथं खूण करा. एकही बल सुटणार नाही. आणि जे टेकलेलंच नाही त्याच्या नावाचा बाण काढला असेल, तर खोडून टाका. माझ्या वर्गात हा नियम सगळ्यांत कडक आहे.

एक किलो तूरडाळीचं पाकीट घ्या. सोलापुरात पृथ्वी त्याला साधारण ९.७८ न्यूटन बलानं खाली ओढते. ध्रुवावर तेच पाकीट ९.८३ न्यूटननं ओढलं जाईल, कारण पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, आणि तिच्या फिरण्यामुळं इकडं जी थोडी घट येते ती तिथं येत नाही. पेपरात मात्र ९.८ च घ्या. पाकीट ओट्यावर स्वस्थ पडलंय, म्हणजे त्याला वर ढकलणारं तेवढंच बल असलंच पाहिजे. टेकलाय फक्त ओटा. म्हणजे ते बल ओट्याचं. हवाही चारी बाजूंनी टेकलेली आहे आणि तीही थोडं वर ढकलते, पण एक लिटर जागेमागं ते जेमतेम सव्वा ग्रॅम वजनाएवढं, म्हणून इथं सोडून देऊ.

ओट्याच्या या बलाला अकरावीत नॉर्मल फोर्स म्हणतील. ते नेहमी पृष्ठभागाला काटकोनात असतं आणि फक्त ढकलतं, ओढत कधीच नाही.

तिसरा नियम इथं का चालत नाही

तिसरा नियम सांगतो की एका वस्तूनं दुसरीवर बल लावलं, की दुसरीही पहिलीवर तेवढंच, उलट दिशेचं बल लावते. या नियमातली दोन बलं कधीच एका वस्तूवर नसतात. पृथ्वी पाकिटाला खाली ओढते, त्याचं जोडीदार बल म्हणजे पाकीट पृथ्वीला वर ओढतं. तेवढ्याच जोरानं, ९.८ न्यूटननं! पृथ्वी इतकी अवाढव्य आहे की तिला त्याचं काही होत नाही, पण बल आहे. ही एक जोडी. ओटा पाकिटाला वर ढकलतो, पाकीट ओट्याला खाली दाबतं. ही दुसरी जोडी.

तोल कुणाचा झाला? पाकिटावर पडणाऱ्या दोन बलांचा, पृथ्वीची ओढ आणि ओट्याचा आधार. ही दोन वेगवेगळ्या जोड्यांतली बलं आहेत. ती सारखी का, तर पाकिटाचा वेग बदलत नाहीय म्हणून. हा पहिल्या आणि दुसऱ्या नियमाचा मामला आहे. पडताळून बघायचं तर आईला पाकीट हलकंच वरून दाबायला सांगा. आता ओट्याचं बल वाढलं, पृथ्वीची ओढ मात्र होती तेवढीच. दोघांची जोडी तिसऱ्या नियमाची असती तर असं झालंच नसतं.

लिफ्टमध्ये हे आणखी चांगलं दिसतं. ५० किलोचा मुलगा वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट थांबलेली असेल तर काटा ५० दाखवतो. लिफ्ट वर निघताना तिचं त्वरण दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद असेल, तर काट्याला ५० × (९.८ + १), म्हणजे ५४० न्यूटन लावावे लागतात आणि आकडा ५५ च्या आसपास जातो. लिफ्टनं एकसारखा वेग घेतला की पुन्हा ५०. मधल्या वेळात पृथ्वीची ओढ ४९० न्यूटनच होती.

ओट्याला किती ढकलायचं हे कसं कळतं?

हा प्रश्न एका आठवीतल्या मुलीनं विचारला होता आणि मला तो फार मोलाचा वाटतो. डाळ ठेवली तर ९.८, गॅसची टाकी ठेवली तर कितीतरी जास्त, आणि काहीच नाही ठेवलं तर शून्य. निर्जीव ओट्याला हा हिशेब कसा जमतो?

उत्तर असं की ओटा दबतो. गादीवर बसलं की गादी खोल जाते आणि तिच्या आतल्या स्प्रिंगा जितक्या दबतील तितक्या जोरानं वर रेटतात. आपण एका ठरावीक खोलीवर थांबतो, कारण तिथं रेटा आणि वजन बरोबर होतात. ओट्याच्या दगडातही कणाकणांमधलं अंतर वजनानं किंचित कमी होतं आणि ते कण विद्युत बलानं परत ढकलतात. फरक एवढाच की हे दबणं डोळ्यांना दिसत नाही.

पण दाखवता येतं. लाकडी टेबलाच्या मधोमध छोटा आरसा सपाट ठेवा. खोलीत अंधार करा. एका टोकाला वह्यांच्या गठ्ठ्यावर लेझर टॉर्च टेपनं पक्की चिकटवून तिचा किरण तिरका आरशावर पाडा, म्हणजे ठिपका समोरच्या भिंतीवर उमटेल. भिंत जितकी लांब तितकं चांगलं. आता टेबलाच्या मध्यावर तळहातानं दाबा. भिंतीवरचा ठिपका सरकतो! हात काढला की जागेवर येतो. त्या क्षणी मुलांच्या चेहऱ्याकडं बघावं. टेबल वाकतं हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नसतं, ते भिंतीवर बघितलेलं असतं. किरण कुणाच्याही डोळ्यांत जाणार नाही याची काळजी मोठ्या माणसानं घ्यावी.

आता दुसरी बाजूही लक्षात घ्या. आधार गरजेपुरतं बल लावतो, पण त्यालाही मर्यादा आहे. ती ओलांडली की फळी मोडते, दोरी तुटते.

दोरी, आणि ओली चादर

दोरी ढकलू शकत नाही, फक्त ओढते, आणि ओढते तीही स्वतःच्याच दिशेनं. त्या ओढीला ताण म्हणतात. छताला टांगलेल्या एका दोरीला बादली बांधली तर ताण आणि बादलीचं वजन सारखं, यात काही अवघड नाही. खरी मजा आडव्या दोरीत आहे, आणि आमच्या सोलापुरात गच्चीवर चादर वाळत घालायची दोरी नाही असं घर सापडायचं नाही.

ओली सोलापुरी चादर चार किलोची धरा. दोन खिळ्यांमध्ये ताणलेल्या दोरीवर ती घडी करून अगदी मधोमध टाकली. मधल्या बिंदूपासून प्रत्येक खिळ्यापर्यंत दोरी दोन मीटर, आणि मध्ये झोळ पडलाय वीस सेंटिमीटरचा. दोरीची प्रत्येक बाजू चादरीचं अर्धं वजन, म्हणजे दोन किलो, वर उचलते. पण दोरी जवळपास आडवी आहे. तिच्या ओढीचा फारच थोडा हिस्सा वरच्या दिशेला जातो, आणि तो हिस्सा काढायला त्रिकोणमिती लागत नाही. झोळ २० सेंटिमीटर, दोरीचा तुकडा २०० सेंटिमीटर, म्हणजे दहावा हिस्सा. दोन किलो उचलायला दहापट ताण हवा: वीस किलो वजनाएवढा, जवळजवळ १९६ न्यूटन. चार किलोच्या चादरीसाठी प्रत्येक खिळ्यावर वीस किलोची ओढ!

दोरी आणखी आवळून झोळ दहा सेंटिमीटरवर आणला तर ताण चाळीस किलोएवढा होतो. झोळ पूर्ण घालवायचा ठरवलं तर ताण वाढतच जाईल आणि आधी खिळा निघेल किंवा दोरी तुटेल, पण ती सरळ होणार नाही. सरळ आडव्या दोरीला वरची दिशाच नसते. घरी बघायचं तर दोरीच्या एका टोकाला खिळ्याऐवजी ताणकाटा अडकवा, आणि झोळ कमी-जास्त करत आकडे वहीत उतरवा. दोन माणसं लागतात, एक दोरी आवळायला आणि एक पट्टीनं झोळ मोजायला. चादर पसरून टाकली तर आकडा कमी येईल, कारण वजन वाटलं जातं. म्हणून घडी मध्यावरच हवी.

हात आडवा, बल उभं

वही भिंतीला टेकवून तळहातानं दाबून धरा. ती पडत नाही. मुलांना विचारलं की सांगतात, ‘अक्का, मी दाबलंय ना म्हणून.’ पण हात तर भिंतीकडं दाबतोय, आडवा. आडवं बल खाली जाणाऱ्या ओढीला कसं तोलेल? वर ढकलतंय ते घर्षण, भिंतीचं आणि तळहाताचं. हात दाबतो म्हणून घर्षणाला जागा मिळते, एवढाच हाताचा वाटा.

आता दुप्पट जोरानं दाबा. घर्षण किती झालं? वही अजून जागेवरच आहे, म्हणजे घर्षण वहीच्या वजनाएवढंच राहिलं. वाढली ती घर्षणाची मर्यादा. हा प्रश्न स्पर्धा परीक्षांत वारंवार येतो आणि निम्मी मुलं ‘दुप्पट’ लिहून येतात.

पाण्यातला दगड

आपल्याकडचा काळा दगड, बेसाल्ट, त्याच आकाराच्या पाण्याच्या पावणेतीन ते तीन पट जड असतो. असा तीन किलोच्या आसपासचा दगड सुतळीनं ताणकाट्याला बांधा. हवेत आकडा ३ किलो. हळूहळू बादलीत सोडत जा. दगड बुडेल तसा आकडा उतरतो, आणि पूर्ण बुडला की २ किलोच्या जवळ येऊन थांबतो. आणखी खोल नेला तरी तेवढाच राहतो.

पृथ्वीची ओढ कमी झाली का? नाही. दगडाला आता दोघं टेकलेत, सुतळी आणि पाणी, आणि दोघं मिळून तीन किलोचा भार उचलतात. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणून दगडाच्या खालच्या बाजूला पाणी जास्त जोरानं रेटतं आणि वरच्या बाजूला कमी. या फरकालाच प्लावक बल म्हणतात. ते बाजूला सरलेल्या पाण्याच्या वजनाएवढं असतं, हे आर्किमिडीजचं तत्त्व.

खरी गंमत पुढं आहे. बादली आधीच वजनकाट्यावर ठेवून द्या. दगड सुतळीला लोंबकळत असताना, तळाला न टेकता, पाण्यात पूर्ण बुडू द्या. वरचा काटा जवळपास एक किलोनं उतरला, तर खालचा तेवढाच चढतो. पाण्यानं दगडाला वर ढकललं, दगडानं पाण्याला खाली दाबलं. तिसरा नियम पाहिजे होता ना, तो इथं आहे, दोन वेगळ्या वस्तूंवर.

तोल आहे, तरी वस्तू चालतेय

बलं संतुलित म्हणजे वस्तू थांबलेली, ही समजूत काढून टाकायला मागाचं कारखानं बरं पडतं. खिडकीतून उन्हाची तिरीप येते तेव्हा तिच्यात सुताचे बारीक तंतू संथपणे खाली उतरताना दिसतात. त्यांचा वेग वाढत नाही. हवेचा विरोध वेगाबरोबर वाढत जातो, आणि ज्या वेगाला तो वजनाएवढा होतो तोच वेग पुढं टिकतो. पावसाच्या थेंबाचंही तसंच. एक किलोमीटर उंचीवरून हवेचा अडथळा नसता तर थेंब ताशी ५०० किलोमीटरनं डोक्यावर आदळला असता. प्रत्यक्षात दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटरनं येतो, म्हणजे ताशी २३-२४ किलोमीटर.

नंदीध्वज: बलं सारखी असणं पुरत नाही

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, मानाचे सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेला माणूस कमरेच्या पट्ट्यात त्या उंच काठीचा बुंधा बसवून ती पेलत चालतो. हे आधी बलांच्या नजरेनं बघा. काठीला टेकलेत पट्टा आणि हात. उभ्या दिशेला बहुतेक सगळं वजन पट्टा तोलतो. त्या माणसाच्या पायाखालचा रस्ता त्याचं वजन अधिक काठीचं वजन, एवढं वर ढकलतो.

पण वर-खाली बेरीज जुळली तरी काठी पडू शकते. पृथ्वीची ओढ काठीच्या गुरुत्वमध्यातून (सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरतात त्या बिंदूतून) खाली जाते, पट्ट्याचं बल बुंध्यापाशी वर जातं. काठी जरा कलली की ही दोन बलं एका रेषेत राहत नाहीत आणि ती फिरायला लागते. म्हणून पेलणारा काठीला हातानं सरळ करत बसत नाही, ज्या बाजूला ती कलेल त्या बाजूला स्वतः सरकतो आणि बुंधा पुन्हा गुरुत्वमध्याखाली आणतो. उंच काठी सावकाश कलते, म्हणून सरकायला वेळ मिळतो. खात्री करायची तर तळहातावर आधी पेन्सिल उभी करून बघा, मग लांब बांबू. बांबू जमतो, पेन्सिल जमत नाही. ते ओझं गर्दीतून वाहून न्यायला मात्र अंगात ताकद आणि सराव लागतो, आणि तो करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

जिथं तोलणारं कुणीच नाही

अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथं गुरुत्वाकर्षण नाही असं मुलं ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात तिथं गुरुत्व त्वरण ८.७ च्या आसपास आहे, इथल्या जवळपास नव्वद टक्के. मग रीत वापरा. स्थानकाला कोण टेकलंय? कुणीच नाही. म्हणजे ओढीला तोलणारं बलही नाही, म्हणजे ते पडतंय. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं आडवं जाता जाता ते पडतं, आणि गोल पृथ्वीचा पृष्ठभाग त्याच्याखालून तेवढाच वळत जातो, म्हणून दीड तासात एक फेरी पूर्ण होते. आतला माणूसही त्याच्याबरोबर पडतोय. त्याच्या पायाला फरशी ढकलत नाही म्हणून तो तरंगतो. इथं ‘केंद्रोत्सारी बल (गोल फिरताना बाहेर फेकल्यासारखं वाटतं ते) गुरुत्वाला तोलतं’ असं लिहून बाण काढला की मी विचारते, हे बल लावतंय कोण? टेकलंय कोण?

सूर्याला तर खाली फरशीच नाही. त्याच्या प्रत्येक थराला खालचा जास्त तापलेला, जास्त दाबाचा वायू वर रेटतो आणि त्या रेट्यावर वरचं वजन तोललेलं राहतं. इंधन संपल्यावर सूर्यासारखा तारा आकसून श्वेत बटू, म्हणजे लहानसा पण फार घट्ट तारा, होतो आणि मग इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला धरून ठेवतो. त्याही दाबाला मर्यादा आहे, सूर्याच्या साधारण १.४ पट वस्तुमानाची. ती सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी विशीत असतानाच काढली होती. १९८३ मध्ये त्यांना ताऱ्यांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

सरावाला एक गणित

५०० ग्रॅमचा लाकडी ठोकळा पाण्यात तरंगतोय. त्याला ताणकाटा बांधून हळूच वर ओढला. काटा २०० ग्रॅमवर असताना ठोकळा थोडा पाण्यात, थोडा बाहेर, स्थिर आहे. प्लावक बल किती?

चौकोन काढा. पृथ्वीची ओढ: ०.५ × ९.८ = ४.९ न्यूटन, खाली. टेकलेत दोन: सुतळी आणि पाणी. सुतळीचा ताण: ०.२ × ९.८ = १.९६ न्यूटन, वर. वेग बदलत नाही, म्हणून वरची बेरीज ४.९ हवी. पाण्याच्या वाट्याला येतात २.९४ न्यूटन. म्हणजे ठोकळ्यानं ३०० ग्रॅम पाणी बाजूला सारलंय, आणि बुडालेला भाग ३०० घनसेंटिमीटरचा आहे. आता काटा ३५० ग्रॅमवर येईपर्यंत ठोकळा वर घ्या, बुडालेला भाग पट्टीनं मोजा, आणि वहीतल्या उत्तराशी ताडून बघा.